चौसष्ट निघाला होता

३ एप्रिल २०१६, रविवार

टँकर नाही. काल येणार होता, आज येणार होता, आता म्हणे उद्या. दौलताबादच्या अलीकडे कुठल्याशा विहिरीवर भरतात, तिथंच रांग. आमच्या गल्लीत सगळ्यांचे ड्रम ओळीनं उभे. आपल्या ड्रमाची राखण ह्यांच्याकडे. खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत बसतात. कोडं सुटतं, टँकर काही येत नाही.

दुपारी महिला मंडळाची बैठक जोशी वहिनींकडे. (यापुढे जो.व. लिहीन, बोटं दुखतात. अध्यक्षीणबाई रागावतील, रागावू देत.) चैत्राचं हळदीकुंकू १७ला, त्यानंतर दरवर्षीची हाउजी. आकडे मीच काढणार. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. हा आकड्यांचा संच मी गुलमंडीच्या बाजारातून स्वतः आणलेला, कॉलनी वसली त्या वर्षी. शिवाय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला आकडे बोलण्यात. मी बोललेला आकडा कोणी परत विचारत नाही.

फुल हाउसला यंदा बक्षीस पाचशे लिटरची काळी टाकी. पलीकडं फ्लॅट बांधतोय त्या बिल्डरनं दिली, दोन्ही अंगांनी स्वतःचं नाव रंगवून. एरवी काचेचा सेट असला की बायका "असू दे, कुणालाही मिळू दे" करतात. टाकी म्हटल्यावर सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या.

पन्हं अर्धा पेला, तेही कागदी पेल्यात. धुवायला पाणी कुठाय? कागदी पेल्यात पन्हं! आई असती तर...

५ एप्रिल, मंगळवार

टँकर आला. दोन ड्रम भरले. आंघोळ केली, तांब्यानं मोजून का होईना.

भिंतीपलीकडच्या चंद्रकलाबाई भेटल्या, डोक्यावर हंडा. पडेगावातनं पायी. ही आमची कॉलनी म्हणजे मूळ त्यांच्या सासऱ्यांचं वावर. विकलं, प्लॉट पडले, आम्ही आलो. आता त्यांच्याकडे पत्र्याचं घर, वावराचा एक तुकडा आणि कोरडी ठक्क विहीर. गावाचा टँकर आठवड्यात एकदा आला तर आला, आणि तो आला की साठवायला हंडे-कळश्या. आमचा टँकर भिंतीअलीकडचा. पण आमच्या नळाला पाणी नव्हतं तेव्हा दोन उन्हाळे सगळी कॉलनी त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायली आहे. जो.व.सुद्धा.

म्हटलं, हाउजीला या. एक सभासद एक पाहुणी, असा आमचा नियमच आहे. माझ्या पाहुण्या म्हणून या. टाकी आहे.

"टाकी? खरीखुरी? पर मला कुठं येतंय त्ये."

"मी शिकवते की."

"आकडे येत्यात मला. बाजारात काटा वाचते म्या."

म्हटलं, मग झालंच.

६ एप्रिल, बुधवार

चं.बाईंची शिकवणी, आमच्या ओट्यावर. तिकिटात तीन ओळी, एका ओळीत पाच आकडे, बाकी घरं रिकामी. पहिल्या उभ्या खान्यात नऊपर्यंतचे, मग दहाचे, विसाचे, असं करत शेवटी नव्वद. मी पिशवीतून सोंगटी काढणार, आकडा बोलणार, सोंगटी पाटीवर तिच्या घरात ठेवणार. तुमच्यात असला तर त्यावर तुरीच्या डाळीचा दाणा ठेवायचा. (माझी तिकिटं जाड पुठ्ठ्याची आहेत. पेननं रेघोट्या मारून दरवर्षी फेकायची नाहीत. खेळ झाला की डाळ कुकरात.) पहिले पाच ज्याचे भरतील त्याचं जल्दी पाच. मग वरची ओळ, मधली, खालची, चार कोपरे. सगळे पंधरा भरले की फुल हाउस.

"म्हंजी नशीब तुमच्या पिशवीत, अन् म्या नुस्ते दाणे ठिवायचे?"

"नुसते दाणे नाही. ओरडायचं. पुढचा आकडा निघायच्या आत ओरडलात तर बक्षीस. उशीर झाला की गेलं. आणि चुकीचं ओरडलात तर तिकीट बाद."

इथं गाडी अडली. ओळ भरली तरी ही बाई गप्प. पदर तोंडाला लावून हसते. वावरातनं पोराला हाक मारते ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते, पण ओट्यावर बसली की आवाज घशात.

"लाज वाटती ताई. तुमच्या बायांमंदी वरडायचं म्हंजी..."

म्हटलं, लाज वाटली की टाकी गेली. पोटातून ओरडा.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. कडुनिंब यंदा न खाताच तोंड कडू. पुरण नाही केलं, भांडी किती पडतात. श्रीखंड आणलं.

संध्याकाळी परत शिकवणी. आकड्यांची माझी टोपणनावं ऐकून चं.बाई खूश. तीन तिघाडा. सोळा आणे. छत्तीसचा आकडा, सासू-सून. बावन्नकशी. साठी बुद्धी नाठी. हे बाजूला बसून कोड्यात डोकं घालून होते, तेही हसले, म्हणाले, साठीचा आकडा काढू नकोस, मला लागतो.

शेवटी चं.बाई ओरडल्या. "फुल हाऽऽउस!" ह्यांच्या हातातलं पेन पडलं. असा आवाज! म्हटलं, बास, झाली परीक्षा पास.

१२ एप्रिल, मंगळवार

टँकर नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, टीव्हीवर दिवसभर तेच.

१७ एप्रिल, रविवार

पेन कागदात रुततंय. रागानं. तरी क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच कोणीतरी सांगेल की असं घडलंच नाही.

गौर सुरेख मांडली होती. रेवतीनं कलिंगडाचं कमळ कापलेलं. (रेवती म्हणजे जो.व.ची सून. क्रांती चौकातल्या बँकेत आहे.) आंब्याची डाळ, अर्धा पेला पन्हं. मग मोकळ्या जागेत सतरंज्या. टाकी मधोमध, तिला चक्क हार घातलेला. चं.बाई ठेवणीतलं लुगडं नेसून कडेला बसल्या. शेजारी नसरीन, कोपऱ्यातल्या घरातली भाडेकरू, नर्स आहे.

जल्दी पाच रेवतीला. ओळी, कोपरे वाटले गेले. उरलं फुल हाउस. एरवी कलकलाट असतो, आज टाचणी पडली तरी ऐकू येईल. पिशवीत हात घातला, सोंगटी काढली आणि बोलले, "चौसष्ट! चौसष्ट कला!"

त्याच दमात टँकरचा हॉर्न. चार दिवस तोंड न दाखवलेला टँकर, भर हळदीकुंकवात! सगळ्या उठल्या. पैठण्या खोचून ड्रमांकडे पळाल्या. मीसुद्धा उठले, सोंगटी मुठीतच.

चं.बाई तेवढ्या पळाल्या नाहीत. त्यांचा ड्रमच नाही ना रांगेत. जागेवरून ओरडल्या, "फुल हाउस!" शिकवलं तसं, पोटातून. मी वळले. कुणाचा तरी पाय लागून तिकिटावरचे दाणे उधळलेले. बाई तिकीट दोन्ही हातांनी वर धरून उभ्या.

परत आले, चौसष्ट पाटीवर त्याच्या घरात ठेवला, तिकीट पाटीशी ताडून पाहिलं. पंधराच्या पंधरा बरोबर. चौसष्ट शेवटचा.

बायका परतल्या, निम्म्या भिजलेल्या. मी जाहीर केलं, फुल हाउस चंद्रकलाबाईंचं. जो.व. म्हणाल्या, "चौसष्ट? चौसष्ट कुणी ऐकला?"

सगळ्या पदर पिळत राहिल्या.

"मी बोलले, वहिनी."

"तू बोलली असशील गं. पण आम्ही निघालो तेव्हा सोंगटी पाटीवर नव्हती, तुझ्या मुठीत होती. ह्यांचे दाणेही सांडलेले. जो कुणीच ऐकला नाही, तो आकडा निघाला कसा म्हणायचा?"

नसरीनकडे पाहिलं. शेजारीच तर बसली होती. ती ओढणीचा काठ बघत राहिली.

ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. फुल हाउस पुन्हा पहिल्यापासून, १ मेला, फक्त सभासदांसाठी. पाहुण्यांचा नियम दोन मिनिटांत गुंडाळला. चं.बाई कधी उठून गेल्या कळलंही नाही.

मी पिशवी, पाटी, तिकिटं उचलली आणि घरी आले. संच माझा आहे.

१८ एप्रिल, सोमवार

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो.व.चा मजकूर, "प्रिय भगिनींनो, काल थोडा गैरसमज झाला..." खाली अंगठ्यांची रांग.

मी लिहिलं, "चौसष्ट निघाला होता." एवढंच.

१९ एप्रिल, मंगळवार

सकाळी कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात टाकलं. मी खाली लिहिलं, चौसष्ट निघाला होता. कुणाच्या नातवाचा वाढदिवस. अनेक आशीर्वाद, चौसष्ट निघाला होता. थोडे पाणी वाचवा, असा उपदेश आला. वाचवू, पण चौसष्ट निघाला होता.

हे म्हणाले, "अगं, त्या गुलाबाचा काय दोष?"

म्हटलं, तुम्ही तुमचं उभं-आडवं बघा.

२० एप्रिल, बुधवार

जो.व. स्वतः आल्या. सोबत कैऱ्यांची पिशवी. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर ह्याच बाईनं दवाखान्यात डबा आणला होता. ते मी विसरलेले नाही. म्हणून तर राग जास्त येतो. परकी असती तर सोडून दिलं असतं.

"नलू, एवढंच म्हण, गोंधळात बोलायचं राहून गेलं. माणूस आहे, होतं. पुढंही आकडे तूच काढशील."

"बोलायचं राहिलं नव्हतं."

"अगं, मंडळाची टाकी भिंतीपलीकडं गेली तर लोक काय म्हणतील? इथं आपल्याच घरांत पाणी नाही."

"विहीर भिंतीपलीकडची होती वहिनी. तेव्हा कोणी काही म्हणालं नाही."

पदर सावरत उठल्या. म्हणाल्या, "तू फार ताणतेस." कैऱ्या ठेवून गेल्या. लोणचं घालणार नाही त्यांचं. (घालीन. कैऱ्यांनी काय केलंय.)

२२ एप्रिल, शुक्रवार

चं.बाईंकडे गेले. दाराशी हंडे ओळीनं पालथे. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर माझ्यावर चिडतील. चहा केला. नको म्हटलं, पाणी कशाला घालवता. तर म्हणाल्या, "चहापुरतं हाय. तेवढं बी नसलं तर मग मानूस कशाला म्हनायचं."

मी म्हटलं, टाकी मी मिळवून देते.

"टाकीचं ऱ्हाऊ द्या ताई. टाकी लागतीच, नाय कशी लागत. पर त्याहून एक सांगू? तिथनं घरी आले तवा सून म्हनली, आत्या, तुमी उगंच वरडल्या व्हय, तिकडं हसत्यात सगळ्या. म्या आयुष्यात पयल्यांदा त्या बायांमंदी वरडले. अन् खरं वरडले. एवढंच कुनीतरी म्हना, की बाई खरं वरडली."

मी ओरडायला शिकवलं. शिकवून अर्ध्यावर सोडलं तर मी कसली शिकवणारी.

२४ एप्रिल, रविवार

मंडळाच्या दोघीजणी दारात. "काकू, तेवढी पिशवी आणि पाटी..."

"नाही मिळणार."

"पण मंडळाची..."

"गुलमंडीत संच मिळतात. जा आणि आणा."

दुपारी ग्रुपवर बातमी. यंदा हाउजी मोबाइलवर! अ‍ॅप स्वतः आकडे काढणार, स्वतः बोलणार, "मानवी चूक टळेल." मानवी चूक म्हणजे मी. ह्यांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदाच कोडं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "हे मात्र त्यांचं चुकलं." एवढं बोलले. ह्यांच्यासाठी हे म्हणजे मोर्चाच.

२७ एप्रिल, बुधवार

सकाळी नसरीनशी गल्लीत गाठ पडली, ड्यूटीवरून येत होती. थांबली. इकडंतिकडं बघून म्हणाली,

"आंटी, चौसठ मैंने सुनी थी. मेरेकू भी चौसठ होना था, हाउस के वास्ते मेरे तीनच बाकी थे, उसमें वो भी. और वो दाने... उठने में मेराच पाँव लगा."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"किराये का घर है आंटी. घर किसका है, मालूम ना."

मालूम आहे. जो.व.च्या दिराचं. त्यांनी भाडेकरू ठेवायला किती का कू केलं होतं, तेही मालूम आहे. मी तिला बोल म्हटलं नाही. म्हणावंसं फार वाटलं. पण आपली छाती आपण पुढं करावी, दुसऱ्याची नाही.

घरी येऊन ग्रुपवर रोजचं वाक्य टाकलं. अंगठा एकही नाही. पण ग्रुपमधून काढायची हिंमतही कोणाला होत नाही.

३० एप्रिल, शनिवार

टँकर नाही.

१ मे, रविवार

गेले नाही. वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले, तिथून मोकळी जागा सगळी दिसते. हेही आले शेजारी. दारूगोळा म्हणून शेंगदाणे.

अ‍ॅपला स्पीकर जोडलेला. कुणी बाई इंग्रजीत बोलते. फाइव्ह, टू, फिफ्टी टू. ना बावन्नकशी ना काही. कोणी हसत नाही, कोणी कुणाला चिडवत नाही. छत्तीस निघाला तेव्हा सासू-सुनांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. काय तो खेळ! बँकेत टोकन घेऊन बसल्यासारख्या बसल्या होत्या. यंदा कागदाची तिकिटं आणि पेनं.

बराच खेळ झाला आणि टँकर आला.

मी उठून उभीच राहिले. हॉर्न, पळापळ, पेनं तिथंच, जो.व. स्वतः सगळ्यांच्या पुढं. आणि फोन? फोन कोणी बंद केला नाही. तो आपला बोलतोय. एट, वन, एटी वन. रिकाम्या सतरंज्यांना आकडे सांगतोय. थ्री, सेव्हन, थर्टी सेव्हन. गल्लीत पाइपवरून भांडणं, आणि इकडं ती बाई शांतपणे एकामागून एक. हे म्हणाले, "अगं, ऐकतंय कोण?" मी म्हटलं, "बोलू नका, ऐका."

बायका परत आल्या. फोनवर निघालेल्या आकड्यांची यादी दिसते म्हणे. रेवतीनं वाकून पाहिलं, तिकिटावर भराभर खुणा केल्या आणि किंचाळली, "फुल हाउस!"

मग जे झालं ते गॅलरीतून सुद्धा नीट ऐकू आलं.

"आपण नव्हतो तेव्हाचे आकडे कसे धरायचे?"

"फोननं बोललाय ना! निघाला म्हणजे निघाला!"

"कुणी ऐकला?"

"वहिनी, तुम्हीच म्हणालात, ऐकला नाही तो निघाला नाही. आता सुनेच्या वेळेला?"

रेवती रडवेली. "आई, यादीत आहेत हो सगळे." जो.व. मधोमध उभ्या. एकदा सुनेकडे बघतात, एकदा फोनकडे.

तेवढ्यात नसरीन उठली. आवाज कापत होता, पण उभी राहून बोलली. "फोन का छोड़ो. उस दिन की चौसठ मैंने सुनी थी. और चंद्रकलाबाई चिल्लाई, वो भी मैंने सुनी. दाने मेरे पाँव से गिरे." आणि बसली नाही, तशीच उभी राहिली.

माझे डोळे भरून आले. शाबास पोरी. आता तुझ्या घराचं काय होतं ते आपण सगळे बघू.

मग कुणीतरी म्हणालं, नलूताईंना विचारा, नियम त्यांना माहीत. सगळ्या माना वर, गॅलरीकडे. मी शेंगदाण्याचं साल फुंकलं.

जिन्यात पावलं वाजली. जो.व. एकट्याच. दम लागलेला, पदर टँकरच्या पाण्यानं ओला. ह्यांनी खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

"नलू, तू सांग. नुसता बोललेला, कुणी न ऐकलेला आकडा निघाला म्हणायचा की नाही?"

"कोणता, वहिनी? आजचा की त्या रविवारचा?"

बघत राहिल्या माझ्याकडे. परतही गेल्या नाहीत. आत्ता हे लिहितेय तेव्हा बाहेरच्या खोलीत बसल्या आहेत, ह्यांनी त्यांना पाणी दिलंय. खाली सगळ्या तशाच थांबल्या आहेत. चं.बाई भिंतीशी येऊन उभ्या आहेत असं हे आत्ता सांगून गेले. मी काही बाहेर जाऊन विचारणार नाही. उत्तर वहिनींना द्यायचंय.